बूड गार होता

जामसर
१२ जानेवारी २०२५

उमेश,

फोन तू उचलत नाहीस. हेमराज उद्या वसईला परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. तुमची खोली एकच, त्यामुळे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही. शाळेत पत्राचा मायना शिकवला होता, त्यात नवऱ्याला ‘तुम्ही’ लिहायचं असतं. मी तुला कधी तुम्ही म्हटलं नाही, आता कागदावर म्हणून काय करू.

घरचं सांगते. भात झोडून कणगीत भरला. पेंढा माळ्यावर टाकायला पाड्यातले दोघे आले होते, मी बोलावलं नव्हतं, आपणहून आले. अंगणवाडीत मी परत जायला लागले. पुष्पाताई म्हणाल्या, मी एकटी निभावते, तू अजून थोडे दिवस घरी राहा. पण घरी राहून मी काय करणार. खिचडी शिजवते, ताटल्या घासते. वाढायच्या आधी पातेलं तळापासून ढवळते आणि मग एकेका पोराच्या ताटलीत बोट घालून बघते. पुष्पाताई बघत राहतात. पोरं हसतात. सपनाताई सगळ्यांचं उष्टं करते, म्हणतात.

तुझी आई सूर्यमाळला भावाकडे, तुकामामाकडेच आहे. तू तिला ‘माझ्या डोळ्यांसमोर राहू नको’ म्हणालास, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. एक लुगडं पिशवीत घातलं आणि दारात उभी राहून म्हणाली, “जाते गे सपना.”  मग तूही गेलास. तेव्हापासून घरात मी आणि कोंबड्या.

त्या सकाळबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही. म्हणून लिहितेच. मी अंगणवाडीत होते, तू वसईला. शेजारची पोर पळत आली. मी घरी पोचले तेव्हा आई मोरीपाशी प्रगतीला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या अंगावर हंड्यातलं गार पाणी ओतत होती. पाणी तापवायचा रॉड भिंतीला टांगलेला, बटण बंद. जव्हारला नेलं, तिथून नाशिकला. तू कामावरून थेट नाशिकला आलास, तेव्हा तिनं तुला ओळखलं, तुझं बोट धरलं. तेवढं तरी झालं. मग ती गेली. आपली पोर अजून ‘र’ सुद्धा म्हणत नव्हती, स्वतःला पगती म्हणायची.

दवाखान्याच्या त्या लांब ओट्यावर आई एकच बोलत होती. “बूड गार होता. मी हात लावून पाह्यला, बूड गार होता.” तू म्हणालास, “खोटं बोलू नको. पाणी उकळत होतं, बादलीचं बूड गार कसं असेल? लक्ष नव्हतं असं म्हण.” ती परत तेच म्हणाली. बायका आपल्याकडे बघायला लागल्या. मलाही तेव्हा वाटलं, भ्यालीय, म्हणून काहीतरी बोलतेय.

भांडायला लिहीत नाही. तू जेवतोस का, एवढं हेमराजजवळ सांग.

सपना


जामसर
४ फेब्रुवारी

उमेश,

हेमराज म्हणाला, तू पत्र वाचलंस, घडी करून खिशात घातलंस आणि कामावर गेलास. बरं.

आता लिहिते ते सावकाश वाच. कामावर असशील तर आत्ता वाचू नको. उंचावर चढ-उतार करायचं काम तुझं, खोलीवर गेल्यावर वाच.

रविवारी मी रॉड माळ्यावरून काढला. नाशिकहून आल्यावर तू तो तोडायला निघाला होतास, मी तुझ्या हातातून घेऊन वर टाकला होता. का ठेवला, ते माझं मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी वाटलं, टाकायचाच आहे तर आधी एकदा बघू. दुपार होती. दार उघडं ठेवलं. मोरीत तीच निळी बादली मांडली, विहिरीचं पाणी भरलं, काठाला रॉड अडकवला, बटण दाबलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

पाणी गुणगुणायला लागलं, तशी उठले. बटण बंद केलं, पिन काढली, रॉड बाहेर काढून ठेवला. मग खाली बसले आणि बादलीच्या बुडाशी तळहात टेकला.

गार होतं, उमेश. विहिरीतून काढलेलं तसंच गार. मला वाटलं माझाच हात बधिर झालाय. दुसरा हात लावला. बादलीला धरून हात हळूहळू वर नेला. अर्ध्यापर्यंत गार, आणि मग एकदम असं तापलेलं की हात ओढून घ्यावा लागला. वरच्या पाण्यात बोटाचं टोक बुडवलं. ते अजून दुखतंय.

रॉडची तार अर्ध्या बादलीपर्यंतच पोचते. तिच्या खालच्या पाण्याला काही कळतच नाही. शाळेत शिकलो होतो आपण, पाणी तापलं की हलकं होतं आणि वर येतं. चुलीवर जाळ खालून असतो, खालचं ऊन पाणी वर येतं, वरचं गार खाली जातं, सगळा हंडा आपला आपण ढवळून निघतो. म्हणून चुलीवरचं पाणी तापलंय आणि भांड्याचं बूड गार आहे असं होतच नाही. रॉडचं पाणी वर तापतं आणि वरच राहतं. आईनं उभ्या जन्मात रॉड कुठं पाहिला होता. ती भांड्याच्या बुडाला बाहेरून हात लावायची आणि सांगायची, अजून एक लाकूड सार, नाहीतर बस झालं आता. बूड गार, म्हणजे पाणी पोळणार नाही, असं समजून तिनं वरचं पाणी पोरीच्या अंगावर ओतलं. वाफेचं म्हणशील, तर थंडीच्या दिवसांत आपल्या विहिरीवरही सकाळी वाफ असते.

मग मी गोधड्या धुवायची काठी घेतली आणि पाणी तळापासून ढवळलं. थोडंच. परत बुडाला हात लावला. कोमट. वर बोट घातलं, मग कोपरापर्यंत हात घातला. वर, मध्ये, खाली, सगळीकडे सारखं.

प्रगतीला अंघोळीला लागतं तसं झालं होतं.

मी हात तसाच आत ठेवून बसून राहिले. पाणी निवत गेलं तरी काढावासा वाटेना. नुसतं ढवळलं असतं तर. हे तुला लिहू नये असं ठरवलं होतं, पण एकटीनं जवळ ठेवायला फार जड आहे.

आई खोटं बोलत नव्हती. तू जा आणि तिला सांग. मी सांगेन ते वेगळं, तू सांगशील ते वेगळं.

सपना


जामसर
१६ मार्च

उमेश,

हेमराजनं तुझा निरोप सांगितला. “पोर परत येणार आहे का?” एवढाच. नाही येणार. ते मला तुझ्याइतकंच माहीत आहे.

तू गेला नाहीस म्हणून मी गेले. सकाळच्या गाडीनं जव्हार, तिथून मोखाडा. मोखाड्यात बाजाराचा दिवस होता, सूर्यमाळची जीप भरेपर्यंत ऊन वर आलं. चढाला पळस फुललाय, बाकी सगळं रान वाळून गेलंय. 

कोंडीमामी पाणी आणायला गेली होती. आई पडवीत बसली होती. मला बघून उठली नाही, पण सरकून जागा केली. खूप वाळलीय. केस विंचरलेले नव्हते. मी बसले. ती म्हणाली, “कोंबड्या कोनाजवळ ठेवल्यास?” मी म्हटलं, शेजारी. 

मामी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, “खाते थोडा थोडा. पन पोरांना जवळ येऊ देत नाय. आमचा नातू मांडीवर बसाया गेला तर उठून भाईर जाते. चहा दिला तर गार होऊन साय धरंपर्यंत नुसती बघत बसते. अंघोळीचा तर नावच काढू नको.”

मी आईपाशी परत येऊन बसले आणि सरळच सांगितलं. “आई, बूड गारच होतं. मी रॉड लावून बघितला. तू म्हणालीस तसंच होतं.”

तिनं अंगणाकडे बघत विचारलं, “कोन म्हनतो?”

“मी म्हणते. माझ्या हातानं बघितलं.”

“उमेश म्हनतो काय?”

 तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाली, “मंग राहू दे.”

मी म्हटलं, तुला दाखवते, इथं लाईट आहे, रॉड मी पुढच्या वेळी घेऊन येते. त्यावर मामीच बोलली, “बाय, प्यायला पानी नाय आनि तू बादलीभर तापवून दाखवनार?” तिचंही खरं आहे. पाड्याची विहीर आटलीय, बायका खाली दरीतल्या झऱ्यावर जातात. मामीच्या डोक्यावरचा हंडा उतरवताना मी बघितलं, मान सरळ करायला तिला वेळ लागला.

निघताना आई वाटेपर्यंत आली. जीप वळेपर्यंत उभी होती. तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, “वसईला डास फार असतील.”

सपना


जामसर
२० एप्रिल

उमेश,

हे पत्र मी दोनदा फाडलं आणि परत लिहायला बसले. पूर्ण वाच.

मी परत सूर्यमाळला गेले. निळी बादली आणि रॉड घेऊन. जीपमध्ये लोक विचारत होते, बादली कुठं चालली. मामीला म्हटलं, तुमचं पाणी घेणार नाही, माझं मी आणीन. खाली झऱ्यापर्यंत गेले, वाटीवाटीनं भरून हंडा वर आणला, परत गेले, परत आणला. तुकामामा पडवीत बसून बघत होता. दुसऱ्या खेपेला तो अर्ध्या वाटेवर आला आणि हंडा माझ्या डोक्यावरून काढून खांद्यावर घेतला. 

बादली भरली, रॉड लावला. आई भिंतीला टेकून बसली होती, रॉडकडे बघत नव्हती. तापल्यावर मी बटण बंद करून पिन काढली, रॉड बाहेर ठेवला आणि तिचा हात धरून बुडाशी लावला. हात ओढून घेईल असं वाटलं होतं, तिनं घेतला नाही. तळहात पसरून तसाच ठेवला.

“असाच होता,” ती म्हणाली.

तुकामामानंही बुडाला हात लावला, मग वरच्या पाण्यात बोट घातलं आणि झटकलं. “आरे देवा,” म्हणाला आणि उठून अंगणात गेला. तिथं पाठ करून उभा राहिला. 

मी काठीनं पाणी ढवळलं. आईला म्हटलं, आता बघ. ती बघत राहिली. मग तिनं बाही वर केली आणि आपला आपणच हात आत घातला. कोपरापर्यंत. आतल्या आत फिरवला, तळाला टेकवला, परत वर आणला. किती वेळ ती हात फिरवतच होती. पाणी केव्हाच सारखं झालं होतं.

मी म्हटलं, एवढ्या लांबून आणलंय, वाया घालवायचं नाही, चल. मागच्या अंगणात कुडाच्या आडोशाला तिला बसवलं आणि अंघोळ घातली. ती ‘नको’ म्हणाली नाही. पाठ नुसती हाडं झालीय. केस धुतले. तेव्हा, माझं तोंड तिला दिसत नव्हतं म्हणून असेल, मी विचारलं, “आई, बुडाला हात लावलास तसा वरच्या पाण्यात एकदा का नाही घातलास?”

 मी मगानं दोनदा पाणी ओतलं. मग ती हळू आवाजात बोलली.

“उमेशनं सांगितला होता, रॉडचे पान्यात हात घालू नको, करंट बसंल. मी हो म्हनला होता.”

“पण बटण बंद होतं ना?”

“बंद होता. पिन बी काढली होती. पन भ्याव बसला होता. डोळ्याला नीट दिसत नाय, बंद झाला का नाय कसा समजावा. म्हनून बुडाला पाह्यला.”

 मी म्हटलं, “हे तू नाशिकला का नाही बोललीस? तो एवढा ओरडत होता.”

ती म्हणाली, “पोर गेली त्याची. त्यात आनखी हे सांगू?”

आणि जरा वेळानं, “त्यानं माजे जिवासाठी सांगितला होता. तू बी बोलू नको त्याला. बोलनार नाय म्हन.”

मी बोलणार नाही म्हटलं.

परतीच्या जीपमध्ये मला सगळं आठवलं. दिवाळीला तू रॉड आणलास. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तिनं धुरात फुंकत बसू नये, थंडीत लाकडं आणायला जाऊ नये म्हणून आणलास. मी तिथंच भाकरी थापत होते. तू तिचा हात धरून तिला बजावलं होतंस, काही झालं तरी पाण्यात हात घालायचा नाही. ती हसली होती, ‘नाय घालनार रे बाबा’ म्हणाली होती. मी हे पार विसरले होते.

तू विसरला नव्हतास. नाशिकला तिनं ‘बूड गार होता’ म्हटलं तेव्हाच तुला कळलं होतं, तिनं पाण्यात हात का घातला नाही. म्हणून तू तिला पुढचं बोलू दिलं नाहीस. म्हणून तिला डोळ्यांसमोरून जायला सांगितलंस, आणि माझाही फोन घेत नाहीस. मी रागानं लिहीत नाही, उमेश. मला एवढे दिवस वाटत होतं, तू तिच्यावर चिडून गेलास.

तू बरोबरच सांगितलं होतंस. पुष्पाताईही बायकांना तेच सांगतात. बटण चालू राहिलं असतं आणि आईनं हात घातला असता तर आपण आईला उचलून नेलं असतं. तिनंही तुझं ऐकलं, आणि आपला हात लावून पाहिलंही. मी कितीदा पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊन बघते. कुणाला धरू? कुणीच सापडत नाही, आणि पोर नाही.

आईला दिलेला शब्द मी मोडला. तिला कळलं तर ती माझ्याशीही बोलायची नाही. पण ती तुझ्यासाठी गप्प, तू तिच्यामुळे पळालेला, आणि दोघांच्या मध्ये मी पत्रं लिहीत बसलेय. हे असं मला जमणार नाही.

तिच्यापुढे काही कबूल करायला जाऊ नको. ती ऐकून घेणार नाही. नुसता जा. जाऊन बस.

सपना


जामसर
९ जून

उमेश,

या वेळी हेमराजजवळ विचारलं नाही, तू पत्र वाचून काय केलंस ते. मला मामीनं फोन करून सांगितलं.

तू गेलास त्या दिवशी तुकामामा मोखाड्याला होता आणि मामी झऱ्यावर. वर येताना तिला जीपच्या रस्त्याला तुझी पाठ दिसली. तिनं हाक मारली, तुला ऐकू गेली नसेल. किंवा गेली असेल. घरी येऊन बघते तर आई पडवीत बसलेली आणि शेजारी रिकामा तांब्या.

परवा मी आईला आणायला गेले, तेव्हा जीपकडे चालताना तिला विचारलं. तिनं एवढंच सांगितलं. ती नाचणी पाखडत होती. तू अंगणात येऊन उभा राहिलास. तिला आधी ओळखू आलं नाही, दाढी वाढलेली होती म्हणे. मग तू पडवीत तिच्याजवळ बसलास.  तिनं सूप थांबवलं नाही.

मी विचारलं, “मग?”

“मंग काय. पानी मांगितला.”

“तू दिलंस?”

“पोराला पानी नाय देनार?” ती माझ्यावरच चिडली. थोडं अंतर चालल्यावर म्हणाली, “माजे हातावर डोका टेकून बसला होता. लय वेळ. हात भरून आला, पन मी काढला नाय.”

तू तिला ते बोललास की नाही, मी विचारणार नाही. मी सांगितल्याचं तिला कळलंय असं मला वाटतं. जीपमध्ये माझ्या खांद्याला डोकं लावून झोपली होती, म्हणजे रागावलेली नसावी.

जामसरला आल्यावर ती पहिली मोरीत गेली. मी मागं थांबले. तिनं मोरी झाडली, धुतली, बाहेर आली. चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. आता आपल्याकडे चुलीवरच तापतं, लाकडं मी आणते. जेवताना म्हणाली, भाताच्या रोपांसाठी राब भाजला का, बियाणं कुठं ठेवलंस. मी म्हटलं, भाजलाय, पेरायचं तेवढं राहिलंय. उद्यापासून येते शेतावर, म्हणाली. मी नको म्हटलं तरी येणार आहे.

आज सकाळी तिनं तुझ्या पेटीतून प्रगतीचे कपडे काढले. मी ते जसेच्या तसे बांधून ठेवले होते, नाशिकहून आणलेलं टोपडंही त्यातच होतं. मला ते सोडवत नव्हतं. आईनं गाठ सोडली, एकेक फ्रॉक बघितला आणि सगळे धुवायला घेतले. मी शेजारी बसून पिळून दिले. दोघींपैकी कुणी रडलं नाही. तो पिवळा फ्रॉक, जत्रेत तू घेतलेला, त्याचं बटण तुटलंय. ते तिनं लावून ठेवलंय.

सगळे ओटीवर दोरीला टाकलेत. पावसाची हवा आहे, वाळायला वेळ लागेल. वाळल्यावर काय करायचं ते आम्हाला दोघींनाही कळत नाही. आई म्हणते बांधून ठेवू. मला वाटतं अंगणवाडीत एखाद्या पोरीला द्यावेत, पण मग ते रोज समोर दिसतील.

तू आलास की ठरवू.

सपना